सासूबाई डॉक्टरांना ‘बरंय’ म्हणतात

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र थोडक्यात असं: सासूबाई ६१ वर्षांच्या. तीसेक वर्षं मशेरी लावायची सवय, शिवाय मधुमेह. फेब्रुवारीत गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता शहरातल्या रुग्णालयात रेडिएशनच्या ३३ सिटिंग आणि सोबत दर आठवड्याला केमो चालू आहे. १७ सिटिंग झाल्यात. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आलंय, घास जात नाही, रात्रभर थुंकी गिळता येत नाही, वजन ५२ किलोवर आलंय. डॉक्टर नाकातून नळी घालायला सांगतात, पण सासूबाई म्हणतात, ‘नळी नको, मला घरी न्या.’ धाकट्या दिरांचं म्हणणं, पुढच्या आठवड्यात गावची यात्रा आहे, तेवढे आठ दिवस लाईट (म्हणजे रेडिएशन) थांबवू, तोंड बरं झालं की पुन्हा सुरू करू. यजमान गप्प आहेत. रोजचं सगळं करणारी ही सून विचारते: ‘मी त्यांच्यावर जबरदस्ती करतेय का? की त्यांचं ऐकून घरी नेऊ?’

ताई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणारच आहे, पण आधी पत्रातल्या एका शब्दापाशी थांबते. ‘लाईटमुळे तोंड आलंय.’ घरातले सगळे हाच शब्द वापरत असणार, आणि निम्मा घोळ त्या शब्दानेच केलाय असं मला वाटतं. तोंड येणं आपल्या ओळखीचं. जागरण झालं, पोट साफ नसलं, अंगात उष्णता वाढली की तोंड येतं. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घ्यायची, बोटाने तूप लावायचं, चार-सहा दिवसांत जातं. त्याचं कुणी फार मनावर घेत नाही. म्हणूनच दिरांना वाटतं की आठ दिवस थांबलं तर काय बिघडलं, आणि म्हणूनच सासूबाईंनाही वाटत असेल की एवढ्याशासाठी डॉक्टरांपुढे काय रडायचं.

त्यांना झालंय ते वेगळं आहे. डॉक्टर त्याला म्यूकोसायटिस म्हणतात. आपल्या तोंडाच्या आतलं अस्तर आठ-पंधरा दिवसांत नवं होत असतं. गावाकडची शेणाने सारवलेली जमीन आठवा. रोजच्या वावराने ती झिजते, पण वेळच्या वेळी नवं सारवण पडतं म्हणून गुळगुळीत राहते. रेडिएशन आणि केमो मिळून हे सारवणच बंद पाडतात. पहिले दोन आठवडे जुन्या थरावर निभावतं. तिसऱ्या आठवड्यात पोपडे सुटायला लागतात आणि खालची माती उघडी पडते. मग साधं पाणीही झोंबतं, लाळ चिकट होऊन दोरीसारखी लोंबते, जीभ हलवायची म्हटलं तरी डोळ्यांत पाणी येतं. ही आतून भाजल्याची जखम आहे. एवढं हातावर भाजलं असतं, तर घरात कुणी ‘सोसा थोडं’ म्हटलं नसतं.

आता दिरांच्या आठ दिवसांबद्दल. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. आईचे हाल बघवत नाहीत म्हणूनच ते बोलतात. पण रेडिएशन हे शेताला पाणी देण्यासारखं नाही, की या आठवड्यात नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात देऊ. सोमवार ते शुक्रवार अशी ती साडेसहा आठवड्यांची एकच सलग गोष्ट आहे. उपचार सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी आधीपेक्षा वेगाने वाढू लागतात. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार जेवढे लांबतात, तेवढी आजार ताब्यात राहण्याची शक्यता दिवसाला साधारण १ ते दीड टक्क्याने कमी होते. आठ दिवसांचा हिशोब तुम्हीच मांडा. शिवाय आठ दिवसांत हे अस्तर भरूनही येत नाही. त्याला शेवटच्या सिटिंगनंतर तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे आठ दिवस वाया गेले तरी तोंड तसंच राहील. कधीकधी त्रास फारच वाढला तर डॉक्टर स्वतःच थांबवतात आणि बुडालेले दिवस कसे भरून काढायचे ते बघतात. तो निर्णय त्यांच्या हातात राहू द्या. यात्रेला दिरांनी जावं, आईच्या नावाने नारळ फोडावा आणि प्रसाद घेऊन परत यावं.

मग सासूबाईंनी हे हाल असेच सोसायचे का? अजिबात नाही. माझं सगळं म्हणणं इथेच आहे. तुमच्या पत्रात दोनच वाटा दिसतात: उपचार चालू ठेवून त्यांचे हाल बघायचे, किंवा हाल थांबवण्यासाठी उपचार सोडायचे. तिसऱ्या वाटेवर अजून कुणी पाऊलच ठेवलेलं नाही. त्यांच्या दुखण्यावर कोणतं औषध चालू आहे? साडेतीन पानांच्या पत्रात एकाच गोळीचा उल्लेख आहे, ‘तापाची गोळी देतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.’ आणि एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: ‘आठवड्याच्या तपासणीला डॉक्टर विचारतात कसं आहे, त्या पदर तोंडाला लावून मान हलवतात आणि बरंय म्हणतात.’

माझ्या धाकट्या भावाला जिभेचा कॅन्सर झाला तेव्हा आम्ही सात आठवडे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून परळच्या रुग्णालयात जात होतो. तोही असाच. बोलायला दुखायचं म्हणून डॉक्टरांना नुसता अंगठा दाखवायचा. डॉक्टरांपुढे पन्नास पेशंट. अंगठा दिसला की ते पुढचा केसपेपर उघडत. खोलीवर आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. शेजारच्या खोलीतल्या एका बाईंनी मला वही घ्यायला लावली. त्या वहीने आमचे शेवटचे तीन आठवडे निभावले, म्हणून तुम्हालाही तेच सांगते.

दोनशे पानी साधी वही घ्या. रोज रात्री चार ओळी लिहा. दुखणं किती? एक ते दहा आकडे त्यांना जमले नाहीत तर सोळा आण्यांच्या रुपयात किती आणे दुखतंय असं विचारा; त्या वयाच्या बायका ‘बारा आणे’ असं चटकन सांगतात. दिवसभरात काय आणि किती पोटात गेलं, वाटी-चमच्याच्या मापात. झोप किती झाली. दर सोमवारी वजन. तपासणीच्या दिवशी सासूबाईंना बोलायला लावू नका, वही डॉक्टरांपुढे उघडी ठेवा आणि स्पष्ट म्हणा, ‘त्या बरंय म्हणतात, पण चौदा आणे दुखतंय, कालपासून चार वाट्या पातळ गेलंय, रात्री दोन तास झोप.’ दोन मुलगे आणि डॉक्टर समोर असताना त्या पदर बाजूला करणार नाहीत. शक्य असेल तर मुलांना बाहेर बसवून तुम्ही किंवा नर्सबाई आत थांबा आणि बॅटरीच्या उजेडात तोंड दाखवा. पांढरे, दह्याच्या कवडीसारखे थर दिसत असतील तर ते मुद्दाम दाखवा. मधुमेहात तोंडात बुरशी लवकर धरते आणि तिचं औषध वेगळं असतं.

दुखण्यावर औषधं आहेत आणि ती पायरीपायरीने वाढवता येतात. खाण्याआधी दहा मिनिटं तोंड बधिर करणारं लिग्नोकेनचं जेल, बेंझिडामिनची गुळणी, मग ट्रामाडॉल, आणि त्यानेही भागलं नाही तर मॉर्फिन. काही रुग्णालयांत तोंडात कमी ताकदीचा लेझरही देतात. तुमच्याकडे आहे का, विचारा. मॉर्फिनचं नाव काढलं की घरात शांतता पसरते, ‘शेवटाला देतात ते’ म्हणून. भाजल्याच्या दुखण्यावर ते दिलं जातं कारण ते दुखणं तेवढं मोठं असतं, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टर सांगतील तेवढंच घेतलं तर व्यसनाची भीती धरू नका. जखम भरत आली की तेच हळूहळू कमी करून बंद करतात. पहिले दोन-तीन दिवस झापड येते. पोट मात्र हमखास बांधलं जातं, म्हणून पहिल्या दिवसापासूनच पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. २०१४ मध्ये कायद्यात बदल झाल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते देणं सोपं झालंय. तुमच्या डॉक्टरांना वेळ नसेल तर त्याच रुग्णालयात पेन क्लिनिक किंवा पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारा, विभाग आहे का, हे विचारा. तिथे फक्त शेवटचे रुग्ण जातात, हा समज घराबाहेर ठेवा. आणि एक कळकळीने सांगते: मेडिकलमधून ब्रुफेन, कॉम्बिफ्लामसारख्या गोळ्या स्वतःहून आणून देऊ नका. या केमोमध्ये बहुतेकदा सिस्प्लॅटिन नावाचं औषध असतं. ते, पोटात पाणी नसणं आणि या गोळ्या एकत्र आल्या की किडनीवर येतं.

तोंड धुण्याचं काम रोजचं आणि कंटाळवाणं, पण त्याला पर्याय नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा. धुण्याचा नव्हे, हे ज्याला दुकानात पाठवाल त्याला दोनदा सांगा. रोज ताजं करा. दिवसातून सहा-सात वेळा, खाल्ल्यावर, झोपताना आणि रात्री जाग आली की, तोंडात हळूच फिरवून थुंकायचं. मीठ झोंबलं तर नुसत्या सोड्याचं पाणी चालेल. लहान मुलांचा मऊ ब्रश कोमट पाण्यात बुडवून वापरा. जाहिरातीतले झणझणीत माउथवॉश नकोत. त्यांत बरेचदा अल्कोहोल असतं.

गावच्या वैद्यांनी मध आणि हळद सुचवलीय, ती लावू का असं विचारलंय. मधाला मी नाही म्हणणार नाही. या त्रासासाठी त्याचे अभ्यास झालेत आणि २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याचं नाव आहे. पण तुमच्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि लाळ आटल्यावर गोडाने दात किडतात. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात पुढे काढावा लागणं ही फार जोखमीची गोष्ट असते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हळदीची जाडसर पूड त्या उघड्या मांसावर मात्र लावू नका.

मशेरीबद्दल तुम्ही कंसात लिहिलंय, ‘नणंदेने परवा गुपचूप डबी दिली, त्यांना त्याशिवाय पोट साफ होत नाही.’ हे कंसात राहायला नको. तंबाखू भाजून केलेली ती पूड या जखमेवर घासणं म्हणजे भाजलेल्या हातावर निखारा ठेवणं. चालू उपचारात तंबाखू राहिली तर त्रास वाढतो आणि रेडिएशनचा गुणही कमी येतो. पण नणंदेशी भांडू नका आणि डबी हिसकावूनही घेऊ नका. तीस वर्षं सकाळी उंबऱ्यावर बसून तीच एक वेळ त्यांची स्वतःची होती. आमच्या आजीची मी तशीच पाहिलीय, दिवसभरात तेवढाच वेळ तिला कुणी हाक मारायचं नाही. पोट साफ होण्याचं औषध सुरू झालं की मशेरीचं निम्मं कारण जातं. उरलेल्या तलफेबद्दल डॉक्टरांना सांगा, त्यावरही मदत मिळते.

आता खाण्याचं. तुम्ही पेज, वरणाचं पाणी आणि नारळपाणी देताय. मन लावून देताय, हे दिसतं. पण वरणाच्या वरच्या पाण्यात डाळ नसते आणि ताकद त्या डाळीत असते. ५२ किलोच्या बाईला या दिवसांत रोज १३०० ते १५०० कॅलरी आणि ६०-७० ग्रॅम प्रथिनं लागतात. मऊ भात, शिजवलेली मुगाची डाळ आणि तूप एकत्र मिक्सरमधून काढून गाळा. नाचणीचं सत्त्व पाण्याऐवजी दुधात करा. अंडं चालत असेल तर पूर्ण शिजवून, दुधासोबत वाटून द्या. सगळं कोमटाहून गार. टोमॅटो, लिंबू, कोकम, आंबट ताक, मिरची सध्या बाजूला. ‘एक सलाईन लावा म्हणजे तरतरी येईल’ असं यजमान म्हणतात. एक लिटर ग्लुकोज सलाईनमध्ये ५० ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम १७० कॅलरी. पाणी कमी पडलं तर सलाईन लावावीच लागते, पण तिने पोट भरत नाही. आणि खाणं एवढं कमी झालेलं असताना साखरेच्या गोळ्या पूर्वीइतक्याच चालू असतील तर साखर एकदम खाली जाऊ शकते. हे उद्याच विचारा, तपासणीच्या दिवसाची वाट बघू नका.

नळीला त्या घाबरतात, कारण त्यांनी ती कुणाच्या तरी शेवटच्या दिवसांत पाहिली असेल. कुणाच्या, ते विचारा. बोलू द्या. मग सांगा की ही नळी पाहुणी आहे, तोंड भरून आलं की काढतात. घालायला काही मिनिटं लागतात, घसा खवखवतो, दोन दिवस नाकाशी अडतं, मग सवय होते. दर दोन-तीन तासांनी पातळ, गाळलेलं खाणं मोठ्या सिरिंजने हळूहळू द्यायचं, आधी आणि नंतर पाणी सोडायचं, त्या वेळी आणि नंतर अर्धा तास त्यांना बसतं ठेवायचं. नळी नाकापाशी कुठवर आहे त्याची खूण रोज बघा. सरकली तर घरी ढकलू नका, रुग्णालयात जा. नळी असली तरी पाण्याचे दोन-चार घोट तोंडाने गिळणं चालू राहू द्या, डॉक्टर मना करत नाहीत तोवर, म्हणजे गिळण्याची सवय मोडत नाही. मोठा फायदा असा की औषधं आणि खाणं दोन्ही पोटात जातं आणि प्रत्येक घासाला होणारी ती लढाई संपते. वजन असंच उतरत राहिलं तर रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवलेला जाळीचा साचा सैल होतो, निशाणा हलतो, आणि मग नवा साचा, नवं प्लॅनिंग, त्यात पुन्हा दिवस जातात.

आता तुमचा मूळ प्रश्न. जबरदस्ती होतेय का? मला वाटतं थोडी होतेय, पण तुम्ही समजता त्या जागी नाही. पत्रात लिहिलंय की सासूबाईंना ‘गालाची जखम भरायला लाईट’ असं सांगितलंय, कॅन्सर शब्द घरात कुणी काढत नाही. दारावर कॅन्सरचं नाव लिहिलेल्या रुग्णालयात रोज रांगेत बसणाऱ्या बाईला ते कळलं नसेल? त्यांना कळलंय आणि त्या तुम्हाला सांभाळून घेतायत, असं मला वाटतं. जखम भरायला म्हणून दिलेल्या लाईटीने जखमा वाढताना दिसल्या, तर कुणीही शहाणी बाई म्हणेल, मला घरी न्या. आणखी १६ दिवस कशासाठी सोसायचे, हे त्यांच्यापासून लपवलंय, तीच जबरदस्ती. यजमानांना सोबत घेऊन, डॉक्टरांच्या मदतीने, त्यांना खरं सांगा: काय झालंय, काय काढून टाकलंय, हे रेडिएशन तो परत येऊ नये म्हणून आहे, आणि किती दिवस उरलेत. कॅलेंडरवर १६ चौकोन करा, रोज त्यांच्या हातून एक खोडा.

आधी दुखणं उतरू द्या, मग ‘घरी जायचंय का’ हे विचारा. चौदा आण्यांवर विचारलं तर दुखणंच उत्तर देईल. दुखणं पाच-सहा आण्यांवर आलं, सगळं समजलं, आणि तरीही त्या नको म्हणाल्या, तर ते त्यांचं म्हणणं आहे. मग ते डॉक्टरांपुढे मांडायचं आणि पुढचं त्यांच्यासोबत बसून ठरवायचं. तिथवर त्या येतील असं मला वाटत नाही, पण आल्या तर ऐकायला हवं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण आम्हाला ती कुणी सांगितली नव्हती. शेवटची सिटिंग झाली की पेढे वाटून घरी याल आणि पुढचे आठ-पंधरा दिवस तोंड आणखी बिघडल्यासारखं दिसेल. तेव्हा कुणीतरी म्हणेलच, ‘बघा, उपचार फुकट गेले.’ तसं नसतं. रेडिएशनचा परिणाम मशीन बंद झाल्यावरही काही दिवस चालू राहतो, मग उतार पडतो. चव परतायला महिने लागतात, कोरड त्याहून जास्त काळ राहू शकते. त्या दिवसांतलं औषध, नळी आणि फोन नंबर, सगळं निघण्यापूर्वी लिहून घ्या. ताप १००.४ च्या वर गेला, थंडी वाजून आली, तोंडातून रक्त थांबेना, श्वास लागला, लघवी फार कमी झाली किंवा पाण्याचा घोटही जाईना, तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

आणि तो जिना. ‘त्यांच्यासमोर घास गिळवत नाही, म्हणून जिन्यात बसून डबा खाते,’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय. नळी घातली की त्यांचं खाणं द्यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतील. एकदा त्यांनाच विचारून बघा, तुम्ही तेव्हा शेजारी बसून जेवलात तर चालेल का. वास सोसवत नसेल तर त्या नको म्हणतील. माझ्या भावाने मात्र मान हलवून मला ताट आत आणायला लावलं होतं आणि भाजी कोणती केलीय ते वहीत लिहून विचारलं होतं.